दोन शहरांमधलं अंतर आणि फ्लाइटचा टाइम कसा काढायचा

पहिली गोष्ट म्हणजे रस्त्याच्या किलोमीटरवरून विमानाचा वेळ काढू नका, नवीन लोक हमखास तिथेच गंडतात. विमानाला ना घाट ना वळणं, ते शक्यतो ग्रेट सर्कलच्या जवळून जातं, म्हणजे गोल पृथ्वीवरचा सगळ्यात जवळचा मार्ग, सपाट नकाशावर तोच उगाच वाकडा दिसतो म्हणून घाबरू नका. ते अंतर घ्या, ८५० ते ९०० ने भागा (जेटचा ताशी स्पीड साधारण तेवढा) आणि वर अर्धा तास धरा कारण रनवेपर्यंत जाणं, वर चढणं, खाली उतरणं ह्यात वेळ जातोच.

आता लंडन-न्यूयॉर्क बघा, साधारण ५,५५० किमी, हिशोबाने पावणेसात तास येतात, पण न्यूयॉर्कला जाताना आठेक तास लागतात आणि येताना सातच्या आसपास, कारण वर जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरचा जोराचा वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात तर जास्तच जोरात. त्यामुळे लांबच्या फ्लाइटला जायचा आणि यायचा वेळ वेगवेगळाच बघायचा.

आणि हो, तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असतात, सरळ वजाबाकी केलीत तर लंडनहून तीनच तासात न्यूयॉर्क येईल! टाइम झोनचे पाच तास मिळवायचे, मग खरा आकडा. कुठे अंतर मैलात दिलं असेल तर साधा मैल की नॉटिकल ते आधी बघा, साधा १.६०९ किमी, नॉटिकल १.८५२.