सोमवारची संध्याकाळ आणि हादग्याची खिरापत

गेल्या अंकात मी अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या माझ्या जुन्या शेजारणीबद्दल लिहिलं होतं. मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं प्रोव्हो शहराजवळ राहिलो, तेव्हाची ती शेजारीण. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची, चार लहान मुलांची आई. दर सोमवारी संध्याकाळी ती फोनसुद्धा उचलायची नाही, कारण ती वेळ मुलांची. आपल्याकडे आश्विनात आईच्या मागे कामांचा डोंगर असतो, त्या दिवसांत तरी घराघरात अशी एक संध्याकाळ राखून ठेवा, असं मी सुचवलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं या वेळी घेते आहे.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई युटातच लीहाय गावी असतात. नात 7 वर्षांची, नातू 3 वर्षांचा. आजूबाजूला बहुतेक मॉर्मन कुटुंबं. शेजारीण सोमवारी नातवंडांना घरी बोलावते. ऑक्टोबरअखेर चर्चच्या आवारात मुलांना चॉकलेटं वाटतात म्हणे, तिथेही नेणार आहे. नातीला पुढच्या वर्षी त्यांच्यात ओढतील का, या धास्तीने मला झोप लागत नाही. त्यांच्यात दोन-तीन बायका करतात, असंही कानावर आलंय. दसरा झाला की मी तिकडे जाणार आहे. मुलीला काय सांगू?
– एक आजी, विटा

उत्तर : काकू, आधी बायकांचा विषय संपवते. या पंथाची स्थापना 1830 साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी केली. पुढे 1847 मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्यामागून ही मंडळी युटात येऊन वसली. त्या काळात त्यांच्यात बहुपत्नीत्व होतं, हे खरं. पण 1890 मध्ये चर्चने ते थांबवल्याचं जाहीर केलं, आणि आज कुणी दुसरी बायको केली तर त्याला चर्चमधून काढून टाकतात. त्यामुळे तुमच्या लेकीच्या शेजारी एक नवरा, एक बायको आणि बरीचशी मुलंच असणार.

आता नातीचं. तुम्ही ‘पुढच्या वर्षी’ लिहिलंत, ते बरोबर हेरलंत. त्यांच्यात बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत, मूल 8 वर्षांचं झालं की करतात. पण आई-वडिलांच्या परवानगीशिवाय अल्पवयीन मुलाचा बाप्तिस्मा ते करत नाहीत. तुमच्या लेकीने आणि जावयाने होकार दिल्याशिवाय काही होणार नाही. लेकीने शेजारणीला एकदा हसून, पण स्पष्ट सांगावं : ‘मुलं खेळायला, गाणी म्हणायला येतील. आम्ही आमच्या घरी आमची पूजा करतो, तीच करणार.’ माझ्या अनुभवात त्या बायका असं बोलणं मनाला लावून घेत नाहीत. नामपट्टी लावलेले तरुण धर्मप्रचारक दारात आले, तर त्यांनाही पाणी विचारावं आणि नको म्हणून सांगावं. ती पोरं मर्यादेने वागतात.

तरीही तुमची काळजी जाणार नाही, कारण तसं घर तुम्ही पाहिलेलं नाही. मी पाहिलंय, म्हणून सांगते.

सप्टेंबरात माझ्या त्या शेजारणीच्या दारात पीचची खोकी यायची. ओट्यावर मोठं पातेलं उकळत असायचं. फळं अर्धा-एक मिनिट उकळत्या पाण्यात सोडायची आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची, की साल नुसत्या अंगठ्याने सरकते. ते काम तिच्या 6 वर्षांच्या मुलीचं. धाकट्याचा हात लहान, बरणीच्या तोंडातून आत जायचा, म्हणून फोडी रचायचं काम त्याचं : बियांची खोलगट बाजू खाली, पाठ वर. मग वरून साखरेचा पाक, काठापासून अर्धा इंच जागा सोडायची, झाकण लावायचं आणि बरण्या पाण्यात उकळायच्या. तो भाग समुद्रसपाटीपासून जवळपास 1400 मीटर उंच. तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं, म्हणून पुस्तकातल्या वेळेत काही मिनिटं वाढवावी लागतात. ती मिनिटं तिने फडताळाच्या दारावर खडूने लिहून ठेवली होती. बरण्या निवायला लागल्या, की झाकणं आत ओढली जाऊन ‘टक्’ वाजायची. मुलं पंगतीला बसल्यासारखी ओट्यासमोर बसून ते टक् मोजायची. वाजली नाही ती बरणी फ्रीजमध्ये, आधी संपवायची. घरात निदान 3 महिन्यांचं नेहमीचं जेवण साठवलेलं असावं, अशी त्यांच्या चर्चची शिकवण आहे. आपल्या आज्यांना ती शिकवण कुणी द्यावी लागली नव्हती, पण आपल्या सुनांना आता लागेल, असं मला वाटतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी सॉल्ट लेक सिटीतून त्यांच्या मोठ्या सभेचं प्रक्षेपण असतं. घराघरात दालचिनीचे गोड रोल भाजतात आणि सगळे टीव्हीसमोर बसतात. दोन-दोन तासांच्या सत्रांतली भाषणं लहान मुलांनी कशी ऐकावीत? म्हणून आया चित्रं रंगवायला देतात, किंवा शब्दांचे चौकोन काढलेला कागद देतात. भाषणात तो शब्द आला, की मुलाने त्यावर एक गोळी ठेवायची. वर्षातून एका रविवारी, बहुधा याच सुमाराला, 3 ते 11 वर्षांची मुलं सगळ्या चर्चसमोर गाणी म्हणतात आणि माईकवर एकेक वाक्य बोलतात. शेजारणीच्या धाकट्याचं वाक्य होतं चार शब्दांचं. तिने ते भांडी घासताना, दात घासून देताना, गाडीचा पट्टा लावताना त्याच्याकडून म्हणून घेतलं होतं. ऐन वेळी तो माईकवर नुसता श्वास घेत राहिला. सगळं चर्च थांबलं होतं, कुणी हसलं नाही. मग त्याने ते म्हटलं.

आणि सोमवार. एक संध्याकाळ कुटुंबासाठी राखायची ही प्रथा चर्चने 1915 मध्ये सुरू केली आणि 1970 पासून सगळीकडे सोमवार ठरवून दिला, म्हणून त्या संध्याकाळी चर्चमध्येही बैठका ठेवत नाहीत. अलीकडे कुटुंबाने सोयीचा दिवस निवडावा अशी मुभा आहे, पण सोमवार अनेकांनी सोडलेला नाही. शेजारणीच्या भिंतीवर खुंट्यांची एक फळी होती. वर कामं लिहिलेली : प्रार्थना, गाणं, गोष्ट, खेळ, खाऊ. खाली प्रत्येकाच्या नावाची लाकडी चकती. दर आठवड्याला चकत्या एकेक खुंटी पुढे सरकायच्या. बापाच्या वाट्याला गाणं आलं तर बापाने गायचं, आणि तीन वर्षांच्याकडे खाऊ आला तर पॉपकॉर्नचं भांडं त्यानेच धरायचं. सगळं मिळून तासभर, कधी त्याहून कमी. काकू, तुमच्या नातवंडांना तिथे बोलावतात, त्यात प्रार्थना असेल, बायबलमधली किंवा त्यांच्या धर्मग्रंथातली गोष्टही असेल. हे लेकीला माहीत असू द्या. बोलावणं आलं तर कधीमधी जावं, दर सोमवारी मात्र मुळीच जाऊ नये. मी तर म्हणेन, तुम्ही पोचलात की सोमवार तुमच्याच घरी सुरू करा. गोष्टी तुमच्याकडे आहेत, नातीला त्या कोण सांगणार?

दोन व्यवहाराच्या गोष्टी. ते लोक चहा-कॉफी घेत नाहीत, 1833 पासूनचा त्यांचा नेम आहे. शेजारीण घरी आली तर लिंबू सरबत किंवा गरम दूध द्या. आणि तुम्ही शाकाहारी असाल तर ध्यानात ठेवा : युटात थरथरणाऱ्या जेलीचं भारी प्रेम. जेल-ओ नावाची जेली हा तर 2001 पासून राज्याचा अधिकृत खाऊ आहे. त्यात जिलेटिन असतं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेलं. मार्शमेलोत आणि बऱ्याच मऊ गोळ्यांतही तेच. 31 ऑक्टोबरच्या आसपास चर्चच्या वाहनतळावर मोटारींच्या डिक्क्या सजवून मुलांना खाऊ वाटतात. तिथे मुलांना खुशाल पाठवा, कारण त्यात उपदेश नसतो, मौज असते. पिशवी घरी आली की वेष्टनं तेवढी वाचा.

प्रश्न : तुमचं वाचून मी घरी ठरवलं, की शुक्रवारी संध्याकाळी टीव्ही बंद, मुलांबरोबर बसायचं. सासूबाई म्हणाल्या, ‘नवरात्राच्या तोंडावर हे ख्रिश्चनांचं खूळ घरात कशाला?’ त्या दिवसापासून अबोला आहे.
– एक सून, सातारा

उत्तर : ताई, ती संध्याकाळ सासूबाईंच्या हाती द्या. त्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी हादगा कसा व्हायचा. हस्त नक्षत्रापासून 16 दिवस, पाटावर हत्ती, रोज एक गाणं वाढवायचं, आणि झाकलेला डबा हलवून खिरापत ओळखायला लावायची. यातलं शेजारणीच्या सोमवारात नव्हतं असं काय आहे? गाणं आहे, खेळ आहे, खाऊ आहे, देव आहे. शाळेत आता एक दिवसाचा हादगा करतात, फोटो निघतात आणि संपतं. गाणी सासूबाईंना शेवटपर्यंत येत असतील, तुम्हाला दोन-तीन कडवी. मुलांना तर तीही येत नाहीत. मुलगे असतील तर त्यांनाही फेरात घ्या. नवरात्र झालं की कोजागिरीचं दूध, मग किल्ला. वर मान केली की अजिंक्यतारा दिसतो, त्याच्या पायथ्याची मुलं आयता प्लास्टरचा किल्ला विकत आणतात, याचं मला फार वाईट वाटतं. दगड, माती आणि गोणपाट घ्या. हळीव चार-पाच दिवस आधी पेरा, म्हणजे वसुबारसेला हिरवं दिसेल. सासूबाईंचा अबोला सुटायला त्यांना एखादं काम सांगून पाहा. माझी खात्री आहे, त्या नको म्हणणार नाहीत.

प्रश्न : आमची 4 एकर द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी, पेस्ट, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, फवारण्या... मालक पहाटे जातात, रात्री येतात. मुलं 5 आणि 8 वर्षांची. घरी असले तरी बापाचं लक्ष आभाळाकडे. अमेरिकेतल्या बाईला ठरलेला सोमवार जमत असेल, आम्हाला कसा जमावा?
– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे. छाटणीनंतर एक ढगाळ रात्र आणि सकाळचं दव पडलं, तरी डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीने फवारणीचा पंप काढावा लागतो. त्या माणसाला ‘आज सोमवार आहे, बसा’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तुमच्याकडे वार नका धरू, लाईट धरा. शेतीची वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी पाळीने येते ना? मग ज्या आठवड्यात दिवसाची पाळी, त्यातली एक संध्याकाळ मालकांनी स्वतः निवडावी आणि मुलांना आदल्या दिवशी सांगावी. पंधरा दिवसांतून एकदा झाली तरी मुलं ती धरून बसतात. मुलांना वार कळत नाही, बापाने शब्द दिला होता एवढं मात्र नेमकं कळतं. त्या संध्याकाळी पाऊस आलाच, तर मालकांनी बागेत जावं, पण जाताना दुसरी संध्याकाळ मुलांच्या देखत ठरवून जावं.

मुलांना बागेत न्यायचा विचार असेल तर एक कळकळीचं सांगणं. काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, एकसारखे फुटावेत म्हणून छाटणीनंतर काडीला जी पेस्ट लावतात, त्या औषधाने कातडी आणि डोळे भाजतात. पेस्टच्या आणि फवारणीच्या दिवशी मुलांना बांधावरसुद्धा नेऊ नका. मालकांनी अंघोळ करून, कपडे बदलूनच मुलांना जवळ घ्यावं. ते कपडे वेगळे धुवा, आणि रिकामे डबे मुलांच्या खेळण्यात येणार नाहीत असे ठेवा.

आणि ती संध्याकाळ मोठी असायची गरज नाही. जेवणं झाल्यावर अंगणात खाट टाका. आठ वर्षांच्याकडे गोष्ट द्या, पाच वर्षांच्याकडे खाऊ. खाऊ म्हणजे तुमच्याच घरचा बेदाणा, मूठभर. बापाच्या वाट्याला खेळ. कोणता, ते मुलं सांगतील. त्या वेळात भाव, पाऊस, सोसायटीचा हप्ता यातलं काही बोलायचं नाही, एवढाच नियम. मोबाईल तुमच्या पदराखाली राहू द्या, व्यापाऱ्याचा फोन आला तर तुम्ही घ्या आणि सांगा, ‘अर्ध्या तासाने करतील.’ पुढच्या पाळीला काय घडलं ते मला जरूर कळवा. बाग कशी फुटली तेही लिहा.