ऑफर लेटर हातात, जॉइनिंगचा पत्ता नाही: थांबू, पुढे शिकू की कमी पगाराची नोकरी धरू?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी त्याचा गोषवारा आधी देते. कॅम्पसमधून निवड झाली, ऑफर लेटर मिळालं, मग मंदी आली आणि जॉइनिंगची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली. आता ती "कळवण्यात येईल" अशी झाली आहे. दरम्यान एका छोट्या कंपनीने नोकरी देऊ केली आहे. पगार कबूल झालेल्या पगाराच्या जेमतेम दोन तृतीयांश, आणि वर दोन वर्षं नोकरी न सोडण्याचा बाँड, मोडला तर तीन महिन्यांचा पगार भरायचा. शैक्षणिक कर्जाचा हप्ता चार महिन्यांनी सुरू होणार. वडील म्हणतात, "दोन वर्षं पुढे शीक, तोवर बाजार सुधारेल, मी ठेव मोडतो." छोट्या कंपनीला उत्तर द्यायला तुमच्याकडे सहा दिवस आहेत.

माझं मत आधी सांगून टाकते: छोटी नोकरी घ्या, पण बाँडचं कलम बदलून घेतल्याशिवाय सही करू नका. वडिलांच्या ठेवीला हात लावू नका. आता कारणं.

ऑफर लेटरपासून सुरुवात करू, कारण तुमचा जीव तिथेच अडकला आहे. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी गुंतवणूक बँक १५ सप्टेंबर २००८ रोजी बुडाली, त्यानंतरच्या वर्षात माझ्यासमोर एक मुलगा येऊन बसला होता. ऑफर लेटर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेलं. जॉइनिंगच्या तारखेवर पेनाने काट मारून बाजूला नवी तारीख, तीही खोडून आणखी एक. चौदा महिने त्याने दुसरीकडे अर्जच केला नाही, कारण "माझी नोकरी लागली आहे" असं घरी आणि मित्रांत सांगून झालं होतं. शेवटी कंपनीचा दोन ओळींचा मेल आला. पुढच्या मुलाखतीत विचारलं, "या काळात काय केलंत?" तो म्हणाला, "वाट पाहिली." मला सांगताना त्याचा आवाज बसला होता. कंपनीच्या नकारापेक्षा हे उत्तर द्यावं लागलं, याचंच त्याला जास्त लागलं होतं. म्हणून सांगते, पगार खात्यात जमा होईपर्यंत त्या पत्रावरचा आकडा तुमच्या हिशोबात धरू नका. कंपनीला नम्रपणे विचारत राहा, जो काही निरोप येईल तो लेखी घ्या, पण तुमच्या महिन्याच्या जमाखर्चात तिची जमा शून्य.

आता तुमची खरी भीती. पहिलाच पगार कमी घेतला तर आयुष्यभर मागे राहीन, असं तुम्ही लिहिलं आहे. ही भीती निराधार नाही. लिसा कान या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७९ ते १९८९ दरम्यान पदवी घेतलेल्या अमेरिकी पुरुषांचा मागोवा घेतला. पदवी घेताना देशातला बेरोजगारीचा दर एक टक्क्याने जास्त असेल, तर सुरुवातीचा पगार साधारण ६ ते ७ टक्के कमी, आणि पंधरा वर्षांनीही फरक पूर्ण मिटलेला नव्हता. जपानमध्ये तर १९९० च्या दशकात ज्यांची कॅम्पस भरती हुकली, त्या पिढीला 'रोजगार हिमयुगा'ची पिढी असं नावच पडलं. तिथल्या मोठ्या कंपन्या ताज्या पदवीधरांनाच एकगठ्ठा घेत, त्यामुळे एकदा गाडी चुकली की दुसरी येतच नसे. २०१९ मध्ये सरकारला या मंडळींसाठी वेगळी योजना जाहीर करावी लागली, तोवर त्यातले कित्येक चाळिशी ओलांडून गेले होते.

पण याच विषयावर कॅनडातल्या पदवीधरांचा ओरिओपोलस, फॉन वाख्टर आणि हाइस या तिघांनी केलेला अभ्यास मला तुमच्यासाठी जास्त मोलाचा वाटतो. मोठ्या मंदीत सुरुवातीचा तोटा साधारण ९ टक्के, पाच वर्षांत तो निम्मा, दहा वर्षांत जवळपास नाहीसा. तो कसा भरून निघाला, हे महत्त्वाचं. ही मुलं सुरुवातीला कमी पगाराच्या छोट्या कंपन्यांत लागली आणि बाजार सावरल्यावर चांगल्या कंपन्यांत गेली. ज्यांना हलता आलं नाही, ते मागेच राहिले. म्हणजे तुमच्या बाबतीत ३५ टक्के कमी पगार हा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न त्या बाँडचा आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत संधी आली की नोकरी बदलता येईल एवढी मोकळीक आणि तेवढा पैसा जवळ असणं, यासाठीच आपल्याला नियोजन करायचं आहे.

रकमा तुमच्या पत्रातल्या आहेत, पण समजायला सोपं जावं म्हणून कबूल झालेला पगार १०० धरते. छोट्या नोकरीत ६५ मिळतील. घरी राहून तुमचा खर्च ३० आणि कर्जाचा हप्ता २०. हप्ता सुरू होईपर्यंतच्या चार महिन्यांत दरमहा ३५ वाचतात, म्हणजे १४०. त्यानंतर दरमहा १५. सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ते मिळून ३०० लागतात. साधारण पंधराव्या महिन्याच्या सुमारास तेवढी गंगाजळी तयार होते. हे पैसे आजारपणासाठी आहेतच, पण तुमच्या वयात त्यांचं पहिलं काम म्हणजे नोकरी बदलताना पायाखाली जमीन असणं. ते मुदतीआधी मोडता येणाऱ्या रिकरिंगमध्ये किंवा बचत खात्यात ठेवा, हव्या त्या दिवशी निघतील असे. शेअर बाजार स्वस्त झालाय म्हणून मित्र काही सुचवतील. ही ३०० होईपर्यंत ऐकू नका.

आता बाँडकडे या. तीन महिन्यांचा पगार म्हणजे १९५. तेविसाव्या महिन्यातही पूर्ण १९५ भरायचे असतील, तर तोवर साठलेल्या पैशांतला जवळजवळ निम्मा भाग एका सहीत जाईल आणि तुम्ही हलणारच नाही. म्हणून एचआरला एवढंच मागा: ही रक्कम दर महिन्याला चोविसाव्या हिश्श्याने कमी होत जावी. मग दीड वर्षानंतर साधारण ४९ उरतात, आणि तोवर तुमच्याकडे ३०० च्या वर ५० जमलेले असतील. म्हणजे गंगाजळीला हात न लावता दीड वर्षाने तुम्ही मोकळ्या. शिवाय तीन गोष्टी लेखी हव्यात: कंपनीने स्वतःहून काढलं तर काहीही देणं नाही, मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे ठेवायची नाहीत, आणि नोटीस पिरियड किती ते स्पष्ट. मूळ गुणपत्रिका मागितल्या तर ती नोकरी नको, इथे मी तडजोड करणार नाही.

वडिलांचा पर्याय त्यांच्या मायेतून आला आहे, हे मला दिसतं. पण आकडे पाहा. याच मापात दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा खर्च सुमारे १५००. त्यात न मिळालेला पगार २४ गुणिले ६५, म्हणजे १५६० मिळवा. एकूण ३०६० खर्चून तुम्ही बाहेर पडाल तेव्हा बाजार कसा असेल, हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय मंदीत सगळेच हा आडोसा शोधतात, त्यामुळे दोन वर्षांनी तुमच्यासारख्यांची मोठी तुकडी एकदमच बाहेर पडते. ठेव न मोडता कर्ज काढलं, निम्मी रक्कम आत्ता आणि निम्मी वर्षाने उचलली, तर १० टक्के व्याजाने अभ्यासक्रम संपेपर्यंत १५०० चे सुमारे १७३० होतात आणि दहा वर्षांसाठी दरमहा २३ चा आणखी एक हप्ता मागे लागतो. जुना २० चा आहेच. तुम्हाला तो विषय मनापासून शिकायचा असता तर मी वेगळं लिहिलं असतं. पत्रात त्या विषयाबद्दल एक ओळही नाही, सगळा भर "तोवर बाजार सुधारेल" यावर आहे. आणि वडिलांच्या निवृत्तीला चार वर्षं उरली आहेत. ती ठेव त्यांच्या म्हातारपणाची आहे.

नुसतं घरी थांबून अर्ज करत राहिले तर, असंही तुम्ही विचारलं आहे. याबाबत प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगते. क्रॉफ्ट, लांग आणि नोटोविडिग्डो यांनी अमेरिकेतल्या शंभर शहरांत हजारो काल्पनिक बायोडेटा पाठवून पाहिले. बेकारीचे महिने वाढले तसे मुलाखतीचे फोन कमी झाले, आणि बहुतेक घसरण पहिल्या आठ महिन्यांतच झाली. पण जिथे बेरोजगारी जास्त होती, तिथे हा फटका सौम्य होता. म्हणजे सगळेच थांबलेले असताना तुमच्या बायोडेटामधली रिकामी जागा कंपन्यांना तेवढी खटकत नाही. त्यामुळे बाँडवर बोलणी फिसकटली तर घाबरून वाटेल ती सही करू नका, दोन-तीन महिने आणखी शोधायला जागा आहे. मात्र हप्ता सुरू होण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून मिळते का, आणि त्या काळात व्याज मुद्दलात मिळवलं जातं का, हे विचारून ठेवा. "आमचा कोर्स करा, नोकरी नक्की" म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यांच्या दारात या काळात जाऊ नका.

उद्याच एचआरला मेल लिहा. सूर विनंतीचा ठेवा, "मला जॉइन व्हायचं आहे, फक्त या एका कलमाबद्दल बोलायचं आहे" अशी सुरुवात करा. छोट्या कंपन्यांनाही या दिवसांत चांगली माणसं हवी असतात आणि असं कलम त्या पुष्कळदा बदलून देतात. त्यांचा सुधारित मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठवा. सहा दिवस संपायच्या आत वाचून कळवते.