रिकार्डोनं रेड बुल सोडलं ते बरोबरच होतं

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. फॉर्म्युला वन रेसिंगमधला ड्रायव्हर डॅनियल रिकार्डो त्याच टीममधल्या मॅक्स वर्स्टापेनला घाबरून रेड बुलमधून पळाला का, आणि रेनोसारख्या मधल्या फळीतल्या टीममध्ये जाणं हा मूर्खपणा नव्हता का. माझं उत्तर दोन्हींना 'नाही' असंच आहे. २०२१ पासून मॅक्सनं सलग चार विजेतेपदं घेतली हे आज आपल्याला माहीत आहे. ३ ऑगस्ट २०१८ ला रिकार्डो जाणार हे जाहीर झालं तेव्हा ते कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळे त्या दिवशी त्याच्या हातात काय होतं तेवढंच बघू.

आधी भीतीचं. २०१४ मध्ये तो मार्क वेबरच्या जागी आला तेव्हा शेजारी सेबॅस्टियन व्हेटेल होता, लागोपाठ चार वेळा विश्वविजेता झालेला. त्या वर्षी रिकार्डोनं तीन रेस जिंकल्या, व्हेटेलनं एकही नाही; गुण २३८ विरुद्ध १६७. मोठ्या नावाला दबून राहणारा माणूस असं करत नाही.

चित्र बदललं ते २०१६ च्या मे महिन्यात. स्पेनच्या रेसआधी टीमनं रिकार्डोचा जोडीदार क्वियाटला काढून मॅक्सला आणलं. रिकार्डो आघाडीवर असताना टीमनं त्याला तीन पिट स्टॉपच्या (टायर बदलायच्या थांब्यांच्या) डावपेचावर नेलं, मॅक्सला दोनवर ठेवलं. मॅक्स पहिल्याच रेसमध्ये जिंकला, रिकार्डो चौथा. दोनच आठवड्यांनी मोनॅकोत रिकार्डो पोलवर, म्हणजे सुरुवातीच्या पहिल्या जागेवर होता, रेसही त्याच्याच ताब्यात होती. तो पिटमध्ये आला आणि टायरच तयार नव्हते. कोणते टायर लावायचे हे ऐनवेळी बदललं गेलं आणि हवा तो संच गॅरेजच्या मागच्या बाजूला पडलेला. गाडी जॅकवर उभी, मेकॅनिक धावतायत, आणि तिकडून मर्सिडीजचा हॅमिल्टन निघून गेला. पोडियमवरचा, म्हणजे पहिल्या तिघांच्या मंचावरचा रिकार्डोचा चेहरा ज्यांनी पाहिला ते विसरलेले नाहीत. यात कुणी मुद्दाम काही केलं असं मी अजिबात म्हणत नाही. पण दोन आठवड्यांत हातातले दोन विजय टीमच्या निर्णयांमुळे गेले, की ड्रायव्हर ते मनात ठेवतोच.

मग ऑक्टोबर २०१७ मध्ये रेड बुलनं मॅक्सचा करार २०२० च्या अखेरपर्यंत वाढवला. माझ्या मते रिकार्डोच्या जाण्याची खरी सुरुवात इथे झाली. वीस वर्षांचा मुलगा, त्याच्याभोवती पुढची टीम उभी राहणार हे उघड होतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि म्यान कुणाच्या मापाचं बनतंय हे रिकार्डोला दिसत होतं.

आता २०१८ बघा, कारण 'मॅक्सकडून हरला म्हणून गेला' हे म्हणणं त्या वर्षीच्या पहिल्या सहा रेसना लागूच पडत नाही. चीनमध्ये शनिवारी सकाळी त्याच्या इंजिनचा टर्बो गेला, मेकॅनिकांनी अख्खं इंजिन बदलून पात्रता फेरीचा पहिला टप्पा संपायला काही मिनिटं असताना त्याला बाहेर काढलं, आणि रविवारी सहाव्या जागेवरून तो जिंकला. मोनॅकोत तिन्ही सराव सत्रांत सर्वांत वेगवान, नंतर पोल. मॅक्सनं तिसऱ्या सरावात गाडी भिंतीवर घातली आणि तो सर्वांत मागून निघाला. रेसमध्ये ७८ पैकी २८व्या लॅपच्या सुमारास रिकार्डोचं एमजीयू-के बंद पडलं. ब्रेक लावताना ऊर्जा साठवून ती परत चाकांना देणारी ही मोटर. ती गेली की साधारण १६० अश्वशक्ती जाते, शिवाय मागची चाकं थोपवायला तिची जी मदत होते तीही जाते, म्हणून मागचे ब्रेक तापू लागतात. त्यानं ब्रेकचा भार पुढच्या चाकांकडे सरकवला, वरचे दोन गिअर सोडून दिले, आणि उरलेले पन्नास लॅप, आता फेरारीत असलेल्या व्हेटेलला मागे ठेवून रेस जिंकली. मोनॅकोत ओव्हरटेक अवघड असतं हे खरं, पण तरीही ते ड्रायव्हिंग फार मोठं होतं. तेव्हा तो गुणतक्त्यात तिसरा होता, फक्त हॅमिल्टन आणि व्हेटेलच्या मागे.

या दोन विजयांच्या मध्ये अझरबैजानमधली बाकूची रेस झाली. आधीच चाकाला चाक घासून झालं होतं; ४०व्या लॅपला रिकार्डो ओव्हरटेकला गेला, मॅक्स त्याच्यासमोर दोनदा सरकला, रिकार्डो मागून आदळला, दोघंही बाहेर. टीमनं दोघांना सारखंच दोषी धरलं आणि दोघांनाही माफी मागायला लावली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

आता पर्याय. जुलैमध्ये मर्सिडीजनं हॅमिल्टन आणि बोटास दोघांनाही कायम केलं. फेरारीची जागा तेव्हा जाहीर झाली नव्हती, ती सप्टेंबरमध्ये लेक्लेर्ककडे गेली. रेड बुल २०१९ पासून होंडाचं इंजिन घेणार हे जूनमध्ये ठरलं होतं, आणि मॅक्लारेनबरोबरची होंडाची तीन वर्षं किती वाईट गेली ते सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे एका बाजूला दुसऱ्यासाठी बांधली जाणारी टीम आणि भरवसा नसलेलं इंजिन. दुसऱ्या बाजूला रेनो, म्हणजे कार कारखान्याची स्वतःची टीम, जिच्या इंग्लंडमधल्या एनस्टोनच्या कार्यशाळेतून शूमाखर आणि अलोन्सोच्या विजेत्या गाड्या बाहेर पडल्या होत्या, आणि जिथे तो पहिल्या क्रमांकाचा ड्रायव्हर असणार होता. २०१८ मध्ये त्याला वारंवार रस्त्यात सोडणारं इंजिन रेनोचंच होतं, हा आक्षेप रास्त आहे. पैसाही चांगला होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. तरी मी त्याच्या जागी असतो तर गेलोच असतो.

हेही मान्य करतो की मॅक्स एका लॅपला वेगवान होता आणि वर्षअखेर २४९ विरुद्ध १७० असा हिशेब झाला. त्यात २१ पैकी आठ रेसमध्ये रिकार्डोची गाडी शेवटापर्यंत पोहोचलीच नाही. मेक्सिकोत पोल घेऊनही नाही.

राहिला असता तर? त्याच्या जागी मॅक्सच्या शेजारी आलेला गॅसली बारा रेसनंतर रेड बुलच्या दुय्यम टीमकडे परत पाठवला गेला. त्यानंतर आलेला आल्बन गेला, पेरेझ गेला, लॉसनला २०२५ मध्ये दोनच रेस मिळाल्या. रिकार्डो या सगळ्यांपेक्षा चांगला टिकला असता असं मला वाटतं, पण विजेता झाला असता असं नाही.

त्याची खरी घाई मला दुसरीकडे दिसते. मे २०२० मध्ये, रेनोबरोबरच्या दुसऱ्या वर्षाची एकही रेस झालेली नसताना, त्यानं मॅक्लारेनला होकार दिला. त्याच वर्षी रेनो सुधारली, तो दोनदा पोडियमवर आला आणि पाचवा राहिला. मॅक्लारेनमध्ये २०२१ चं मोंझा सोडलं तर ती गाडी त्याच्या ब्रेकिंगच्या पद्धतीला कधी जुळलीच नाही, आणि करार वर्षभर आधीच संपवावा लागला. कारकिर्दीचा घसरणीचा टप्पा शोधायचाच असेल तर तो इथे शोधा.

फॉर्म्युला वनवरच्या 'ड्राइव्ह टू सर्व्हाइव्ह' या मालिकेत हे सगळं चार-दोन दृश्यांत उरकलंय. जमलं तर २०१८ च्या शांघाय (चीनची रेस), बाकू आणि मोनॅको या तीन रेस याच क्रमानं पूर्ण पाहा. बाकूत फक्त टक्कर पाहू नका, त्याआधीचे वीसेक लॅपही पाहा.