मांडीवरचं बाळ आणि लंडनची टॅक्सी

प्रश्न : आम्ही लंडनमध्ये हॅरोला राहतो. बाळ सात आठवड्यांचं आहे. आमच्याकडे गाडी नाही, घ्यायचा विचारही नाही. पुढच्या आठवड्यात पहिल्या लसी आहेत, त्यानंतर एका तपासणीसाठी हॉस्पिटलला जायचंय. नवरा म्हणतो, टॅक्सीत कार सीट लागतच नाही, कायद्यात सूट आहे. सासूबाई सांगलीहून आल्या आहेत. त्या म्हणतात, "एवढ्याशा जिवाला त्या बादलीत कशाला कोंबता? मी घेते की मांडीवर." भेट आलेली कार सीट अजून खोक्यातच आहे. मीच उगाच घाबरते आहे का?

उत्तर : नाही, उगाच घाबरत नाही आहात. पण नवऱ्याशी कायद्यावरून वाद घालू नका, कारण तिथे ते बरोबर आहेत. इथे मूल १२ वर्षांचं किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचं होईपर्यंत गाडीत त्याच्या मापाची सीट लागते, नाहीतर ५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याला टॅक्सी आणि मिनीकॅब (आगाऊ बुक करायची खासगी टॅक्सी) अपवाद आहेत. ड्रायव्हरकडे योग्य सीट नसेल तर मूल सीटशिवाय जाऊ शकतं, फक्त मागच्या बाकावर. तीन वर्षांखालच्या मुलाला तर पट्टाही लावायचा नसतो.

आता ही सूट कुणासाठी आहे ते बघा. दिवसभरात ड्रायव्हरच्या गाडीत तान्हं बाळ बसेल, चार वर्षांचं बसेल, नऊ वर्षांचंही बसेल. तीन मापांच्या सीटा तो डिकीत घालून फिरणार कसा? म्हणून कायद्याने त्याची अडचण सोडवली. ब्रेक करकचून लागला की बाळाचं काय होतं, हा प्रश्न त्या कलमाने सोडवलेला नाही.

सासूबाईंना हे हिशेबाने सांगा. ताशी ३० मैलांनी जाणारी गाडी कशावर तरी आदळून अर्ध्या-पाऊण मीटरात थांबली, तर पाच किलोचं बाळ त्या क्षणी ६० ते ९० किलोंच्या जोराने पुढे ओढलं जातं. तांदळाचं पन्नास किलोचं पोतं कुणी आपल्या हातातून हिसकावलं तर आपण धरून ठेवू का? आजीच्या मायेबद्दल कुणाला शंका नाही, पण हातांची ताकद तेवढी नसते, माझ्याही नाही आणि तुमच्या नवऱ्याच्याही नाही. आजीने स्वतःचा पट्टा बाळावरून घेतला तर आणखी वाईट, कारण मग आजीचं सगळं वजन बाळाला पट्ट्यावर दाबतं. पोटाशी बांधायच्या झोळीचंही तेच. ती चालताना उत्तम, गाडीत नाही.

तेव्हा आज संध्याकाळीच खोकं उघडा. आमचा अनुभव सांगते. चौदा वर्षांपूर्वी, जानेवारीत, दोन दिवसांच्या मुलीला घेऊन आम्ही हॉस्पिटलच्या दारात उभे होतो. मिनीकॅब आली. सीट आमच्याकडे होती, पण आयसोफिक्सच्या, म्हणजे गाडीतल्या कड्यांना अडकणाऱ्या, तळपाटावर खटकन बसवायची एवढंच आम्हाला माहीत, आणि तळपाट होता मैत्रिणीच्या गाडीत. नवरा पावसात माहितीपुस्तक उलगडून वाचतोय, ड्रायव्हर सुस्कारे टाकतोय, मी टाके सांभाळत उभी. शेवटी पट्टा कसातरी ओवला आणि निघालो. घरी उतरताना पाहिलं तर सीट टोपलीसारखी डुलत होती. पट्टा चुकीच्या बाजूने गेला होता.

टॅक्सीने फिरणाऱ्या घराने कार सीट घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा की ही गाडीच्या साध्या तीनटोकी पट्ट्याने बसते का? काही नव्या सीटा फक्त तळपाटावरच बसतात. त्या टॅक्सीसाठी निरुपयोगी, कारण तळपाट काखोटीला मारून कोण हिंडणार? तुमच्या सीटवर मान्यतेचं नारिंगी लेबल असेल, सोबत पुस्तक असेल, त्यात पट्ट्याचं चित्र शोधा. पट्ट्याने बसत नसेल तर दुकानात बदलून आणा, भेट देणाऱ्यांना सांगायची गरज नाही.

तान्ह्या बाळाची सीट उलटी, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला, अशी बसते. आय-साइझ, म्हणजे बाळाच्या उंचीवर ठरणाऱ्या नव्या नियमाच्या, सीटमध्ये किमान १५ महिन्यांपर्यंत तशीच. सीटच्या कडांवर निळ्या खुणा असतात, त्या उलट्या सीटसाठी गाडीच्या पट्ट्याच्या वाटा. कमरेचा भाग बाळाच्या मांड्यांवरून, दोन्ही बाजूंच्या निळ्या खाचांतून जातो. खांद्याचा भाग बाळावरून जात नाही, तो सीटच्या पाठीमागून वळसा घेतो. आमची चूक इथेच झाली होती. पट्टा लागला की सीट खाली दाबायची, ढिलेपणा ओढून काढायचा आणि हलवून बघायचं. डुलली तर पुन्हा. हँडल प्रवासात कुठल्या स्थितीत ठेवायचं ते प्रत्येक कंपनीचं वेगळं, पुस्तकात बघा. आणि पुढच्या सीटवर, एअरबॅग चालू असताना, उलटी सीट कधीच नाही. ते इथे बेकायदाही आहे.

ही तालीम ओळखीतल्या कुणाच्या गाडीत, दिवसाउजेडी, चार-पाच वेळा करा. बाळाच्या जागी पाच किलो कणकेची पिशवी चालेल. ती रडत नाही, एवढाच फरक.

बाळाला बसवताना आपल्या लोकांची हमखास होणारी चूक म्हणजे कपडे. थंडी आहे म्हणून फुगीर जाकीट, त्यावर दुपटं, मग पट्टे. धक्का बसला की त्या जाकिटातली हवा दबते, पट्टा सैल पडतो आणि बाळ निसटू शकतं. आधी साध्या कपड्यांत बसवा, खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा जरासे खाली ठेवा, आवळा. खांद्याजवळचा पट्टा चिमटीत पकडता आला तर अजून सैल आहे. मग वरून गोधडी पांघरा, आजीची असली तर उत्तमच. मोहरीची उशी मात्र घरी. सीटसोबत आलेल्या मऊ गादीखेरीज आत काहीही घालायचं नाही.

सासूबाईंच्या 'बादली'त थोडं तथ्य आहे, ते त्यांना मोकळेपणाने द्या. त्या अर्धवट बसलेल्या स्थितीत तान्ह्या बाळाची मान पुढे पडून हनुवटी छातीला टेकली तर श्वास अडू शकतो. म्हणून अगदी लहान बाळाला एका वेळी ३० मिनिटांच्या आसपासच सीटमध्ये ठेवावं असं इथे सांगतात, आणि मोठ्या बाळालाही सलग दोन तासांच्या वर नाही. मोठ्या माणसाने पुढे नाही, मागे बाळाशेजारी बसायचं आणि मानेवर लक्ष ठेवायचं. हे काम आजीला द्या. मांडी गेली तरी पहारा त्यांच्याकडेच राहतो. घरी पोचल्यावर "झोपलंय, असू दे तसंच" असं म्हणून सीटमध्येच ठेवू नका, उचलून सपाट निजवा.

टॅक्सी कुठली? काळी कॅब असेल तर मजला सपाट, उतार लावता येतो, म्हणून बरेच जण बाबागाडी झोपलेल्या बाळासकट आत ढकलतात आणि ब्रेक लावून निवांत बसतात. सोयीचं दिसतं, पण बाबागाडीचा ब्रेक फुटपाथसाठी असतो, टकरीसाठी नाही. बाळ सीटमध्ये आणि सीट मागच्या मुख्य बाकावर. समोरच्या घडीच्या खुर्च्या मागे तोंड करून असतात, त्यांवर ती लावायचीच नाही. उलट्यावर उलटं ठेवलं की बाळ सुलटं होतं आणि सगळा हेतूच बुडतो.

मिनीकॅब रस्त्यात हात दाखवून घेता येत नाही, ती आगाऊच ठरवायची असते. कुणी येऊन "कॅब हवी का" म्हणालं तर बाळ कितीही रडत असलं तरी बसू नका. बुक करतानाच सांगा की सोबत तान्हं बाळ आहे, सीट आमची आम्ही आणतो, बसवायला पाच मिनिटं लागतील, डिकीत बाबागाडी मावायला हवी. हे आधी सांगितलं की दारात सुस्कारे ऐकावे लागत नाहीत. 'आमच्याकडे सीट आहे' असं कंपनी म्हणाली तरी ती कुठल्या वयाची, ते विचारा. उतरताना फुटपाथच्या बाजूने, म्हणजे इथे डावीकडून.

मंडळाच्या ओळखीतून वापरलेली सीट मिळत असेल तर ज्यांनी पहिल्यापासून वापरली आणि अपघात झालेला नाही अशा घरचीच घ्या. बाकी बाबागाडी, पाळणा, कपडे खुशाल घ्या, त्यात लाज कसली.

आणि लसीला जायला टॅक्सी हवीच का? सर्जरी, म्हणजे इथला डॉक्टरांचा दवाखाना, एक-दोन बसथांब्यांवर असेल तर बस बरी. बाबागाडीची राखीव जागा असते, बाळ आडवं झोपून जातं. व्हीलचेअर आली तर ती जागा आधी त्यांची, एवढं लक्षात ठेवा. हॉस्पिटलला टॅक्सीने जाणारच असाल तर बाबागाडीच्या सांगाड्यावर सीट अडकवता येते का ते बघा, त्यासाठी अडॅप्टर मिळतात. नाहीतर चार किलोची सीट, पाच किलोचं बाळ आणि बाळंतपणातून उठलेली तुमची कंबर, हे गणित कॉरिडॉरच्या अर्ध्यातच चुकतं.

पुढे सांगलीला जाल तेव्हाही सीट सोबत न्या. भारतातही २०१९च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट न लावल्यास १,००० रुपये दंड आहे. खरी अडचण वेगळीच असते. आपल्याकडच्या बऱ्याच भाड्याच्या गाड्यांत मागच्या पट्ट्याची खोबण सीट कव्हरखाली दडपलेली असते. गाडी ठरवतानाच फोनवर विचारा, "दादा, मागचे बेल्ट चालू आहेत ना?" 'हो' म्हणाले तरी बॅगा चढवण्याआधी कव्हरखाली हात घालून खोबण बाहेर काढून बघा.