वाचक विचारतात : चिनी निर्वासित कुटुंबाची कादंबरी लिहिताना

प्रश्न : हनान प्रांतातल्या शेतकरी कुटुंबावर कादंबरी लिहितो आहे. १९३७ च्या पावसाळ्यात पिवळ्या नदीला पूर येतो आणि घर सुटतं. सहा माणसं, त्यांत जुन्या चिनी रीतीने लहानपणीच पावलं बांधून खुरटवलेली आजी. सोबत एक हातगाडी आणि पंधरा दिवसांचा शिधा. चालत हाँगकाँग, तिथून पोर्तुगीजांच्या ताब्यातलं मकाव. वाचणारे म्हणतात, प्रवास पटत नाही. चूक कुठे? – एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी तारीख बदला. तो पूर पावसाचा नव्हताच. पूर्वेकडून येणारी जपानी फौज अडवण्यासाठी चिनी सैन्यानेच ९ जून १९३८ रोजी चंगचौजवळ हुआयुआनखौ इथे बांध फोडला. सरकारने मात्र जाहीर केलं, की जपानी विमानांनी बाँब टाकून तो उडवला. त्यामुळे तुमच्या माणसांच्या कानावर दोन्ही गोष्टी येणार, आणि संताप कोणावर काढायचा हेच त्यांना कळणार नाही. ही कादंबरी लिहावी ती याचसाठी. पावसाचा पूर घातलात तर हे सगळं हातचं गेलं.

जूनच्या सुरुवातीला तिकडे गव्हाची काढणी चालू असते. पीक अर्धं शेतात, अर्धं खळ्यावर. घरातलं जुनं धान्य संपत आलेलं आणि नवं पाण्याखाली, अशा वेळी पंधरा दिवसांचा शिधा आणला कुठून, हे दाखवावं लागेल. चालणाऱ्या माणसाला रोज अर्धा किलो धान्य धरलं, तर सहा जणांना पंधरा दिवसांत ४५ किलो लागतं. एका गड्याची कावड तेवढ्यानेच भरून जाते. वर गोधड्या, कढई आणि पूर्वजांची नावं लिहिलेल्या पाट्या आहेतच.

हातगाडी कसली, तेही नीट ठरवा. तिकडची गाडी एकचाकी असते : मधोमध मोठं चाक, दोन्ही बाजूंना फळ्या. एका फळीवर आजी, दुसरीवर धान्याचं पोतं, असा तोल साधतात. पण रोज तीन किलो धान्य खाल्लं जातं, पोतं हलकं होतं आणि गाडी आजीच्या बाजूला कलू लागते. मग पोत्याच्या बाजूला धाकट्या नातवाला बसवायचं, नाहीतर दगड ठेवायचे. शिधा किती उरला, हे वाचकाला एवढ्यातच कळतं. वेगळं सांगायला नको. पिवळ्या नदीच्या गाळात मात्र हे चाक रुततं. म्हणून पाणी पसरल्यावर पहिले काही दिवस गाडी चालवूच नका. आजीला पाठीवर घ्या, नाहीतर होडीत बसवा. पुढे कोरडी वाट लागली तरी तिच्यासह दिवसाला पंधरा किलोमीटरच्या वर जाऊ नका.

आता दिशा. हाँगकाँग तिथून हजार किलोमीटरच्याही पलीकडे, आणि हनानच्या शेतकऱ्याचं तिथे कोणी नाही. त्या भागातले पुष्कळ लोक पश्चिमेला, लोंगहाय रेल्वेच्या कडेकडेने शाआन्शी प्रांताकडे गेले. पुष्कळजण जवळच्याच कोरड्या गावांत थांबून पाणी ओसरायची वाट पाहत राहिले. बांध फुटल्यावर नदीने जे नवं पात्र धरलं, ते पुढे चिनी आणि जपानी सैन्यांमधली हद्द झालं. घर कोणत्या काठावर, यावर कुटुंब कोणाच्या अमलाखाली येतं ते ठरतं. नदी जुन्या पात्रात परतली ती १९४७ मध्ये.

मकाव सोडवत नसेल तर हनान सोडा. दक्षिणेकडचं क्वांगचौ (कँटन) शहर २१ ऑक्टोबर १९३८ रोजी जपान्यांच्या हाती पडलं. तिथून मकाव शंभरएक किलोमीटर, नदीमुखातून नावेने जाता येण्याजोगं. दोन्ही विस्थापनं एकाच कुटुंबाच्या माथी मारू नका.

प्रश्न : पात्रांची नावं आणि वयं लिहिताना काय सांभाळावं? – एक वाचक, फोंडा

उत्तर : आडनाव आधी येतं. लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव जात नाही, म्हणून आई आणि मुलांची आडनावं वेगळी ठेवा. थोरले काका आणि धाकटे काका यांना तिकडे वेगवेगळी संबोधनं आहेत. मराठीत हे सहज जमतं, नुसतं ‘काका’ लिहून थांबू नका. जुन्या रीतीने मूल जन्मतःच एक वर्षाचं धरतात आणि नव्या वर्षाला सगळ्यांचं वय एकाने वाढतं. १९३८ चं चिनी नववर्ष ३१ जानेवारीला होतं. २५ जानेवारीला जन्मलेलं मूल आठवड्याभरात दोन वर्षांचं म्हणायचं. बीजिंगचं नाव १९२८ ते १९४९ या काळात बेइपिंग होतं, तेच संवादांत येऊ द्या.

प्रश्न : माझं चिनी कुटुंब ऑक्टोबर १९४३ मध्ये ‘तेइया मारू’ बोटीने मुरगावला उतरून गोव्यातच राहतं. हे चालेल का? – एक वाचक, वास्को

उत्तर : नाही चालणार. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे मुरगाव बंदरात कैद्यांची अदलाबदल झाली. जपानच्या ताब्यातल्या मुलखातले अमेरिकन, कॅनेडियन आणि इतर अमेरिका खंडातले नागरिक ‘तेइया मारू’ने आले, अमेरिकेकडून जपानी नागरिक ‘ग्रिप्सहोम’ या स्वीडिश बोटीने आले. दोन्हीकडे सुमारे दीड हजार माणसं. साध्या चिनी कुटुंबाला त्या यादीत जागा नव्हती, आणि उतरलेल्यांनी इथे राहायचं नव्हतं, समोरच्या बोटीवर चढून पुढे जायचं होतं.

गोव्याशी धागा जोडायचाच असेल तर तो मकावमधून जोडा. १८४४ पर्यंत मकावचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. त्या जुन्या संबंधाच्या आधाराने मकावमध्ये नोकरीला असलेला गोमंतकीय कारकून किंवा पाद्री उभा करता येईल. जपानने मकाव ताब्यात घेतलं नाही, पण डिसेंबर १९४१ नंतर भोवतालचा समुद्र जपानी आरमाराचा होता आणि शहरात निर्वासितांची गर्दी व उपासमार होती. म्हणून कुटुंबाला गोव्याला आणायचं ते १९४५ नंतरच. इथे उतरल्यावर त्यांच्या हाती रुपया आणि टांगा ही तेव्हाची गोव्यातली नाणी द्या, सोळा टांगांचा एक रुपया. एस्कुदो हे पोर्तुगीज चलन गोव्यात आलं ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस.