‘प्रायोगिक’ सूत्र की ‘मूलानुपाती’?

प्रश्न असा आला आहे: मुलाच्या क्लासच्या वहीत ‘एम्पिरिकल फॉर्म्युला’साठी ‘प्रायोगिक सूत्र’ लिहिलंय, हिंदी पुस्तकात ‘मूलानुपाती सूत्र’. हे दोन्ही एकच का?

एकच: पदार्थातल्या मूलद्रव्यांच्या अणूंचं सर्वांत साधं गुणोत्तर सांगणारं सूत्र. फरक इतकाच, की एक शब्द सूत्र कुठून आलं ते सांगतो आणि दुसरा ते काय आहे ते.

‘एम्पिरिकल’च्या मुळाशी ग्रीक ‘पेइरा’ आहे, म्हणजे करून पाहणं. पदार्थातली मूलद्रव्यं वजनाने शेकडा किती, हे करूनच पाहावं लागतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगने १८३१ साली पदार्थ जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तोलायची नेटकी सोय केली, ती ह्याचसाठी. ग्लुकोज घ्या: कार्बन ४०, हायड्रोजन ६.७, ऑक्सिजन ५३.३ टक्के. ह्यांना अनुक्रमे १२, १ आणि १६ ह्या अणुवस्तुमानांनी भागलं की ३.३३, ६.७, ३.३३ येतात, सर्वांत लहान आकड्याने पुन्हा भागा, १:२:१. झालं सूत्र, CH₂O. गंमत म्हणजे व्हिनेगरमधल्या अॅसेटिक आम्लाची टक्केवारीही हीच. ग्लुकोजच्या रेणूत हे प्रमाण सहापट असतं, आम्लाच्या रेणूत दुप्पट. पण ते नुसत्या टक्केवारीवरून कळत नाही, त्याला रेणुवस्तुमान लागतं.

म्हणून ‘प्रायोगिक’ व्युत्पत्तीला धरून आहे खरा, पण मराठी कानाला ‘प्रायोगिक तत्त्वावर’ सुरू केलेली बससेवा आठवते. सूत्र तात्पुरतं आहे, उद्या बदलेल, असं वाटतं.

‘मूलानुपाती’ची अडचण वेगळी. हिंदीत ‘अनुपात’ म्हणजे आपलं गुणोत्तर, आणि इथलं ‘मूल’ म्हणजे पायाभूत, सर्वांत साधं. मराठी विद्यार्थी मात्र ‘मूल’ दिसताच ‘मूलद्रव्य’ समजतो (हिंदीत त्याला ‘तत्त्व’ म्हणतात, त्यामुळे तिकडे हा घोळ नाही). मूलद्रव्यांचं गुणोत्तर तर रेणुसूत्रातही (रेणूत प्रत्यक्ष किती अणू आहेत ते सांगणाऱ्या सूत्रात) असतंच की! मग वेगळं नाव कशाला, असा रास्त प्रश्न त्याला पडतो.

मला विचाराल तर ‘रेणुसूत्रा’च्या जोडीला ‘गुणोत्तरसूत्र’ शोभेल. परीक्षेत मात्र पुस्तकात असेल तेच लिहायला सांगा, आणि १:१.५ आलं तर १.५ चे २ करू नका, दोन्हींना दोनाने गुणा. गंजातल्या लोखंड-ऑक्सिजनचं २:३ असंच निघतं.