पाचांऐवजी दोघांनाच वेळ द्या

पत्र: दूरसंचार कंपनीत एकोणीस वर्षं झाली, सध्या नेटवर्क ऑपरेशन्सची प्रमुख आहे. अभियांत्रिकीच्या पाच मुलांना मार्गदर्शन करते. पण ऐन वेळी कुठेतरी फायबर तुटते आणि भेट रद्द होते. एका मुलाच्या लागोपाठ चार भेटी हुकल्या. आता तो मेसेजला उत्तरही देत नाही. हे काम सोडून द्यावं का?

उत्तर: सोडू नका, पण मुलं कमी करा. पंधरवड्याला एक तास धरला तरी पाच जणांचे महिन्याला दहा तास होतात, शिवाय तयारी. ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाला की कधीही धावावं लागणाऱ्या माणसाला हे झेपत नाही. दोघांचे चार तास मात्र सांभाळता येतील.

फायबर तुटल्याचं कारण मुलाला पहिल्यांदा पटतं. तिसऱ्या वेळी तो मनाशी धरून बसतो, की आपल्यातच काही कमी आहे. मार्गदर्शनाच्या नात्यांवरच्या ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या संशोधकांच्या २००२ च्या अभ्यासात वर्षभर टिकलेल्या नात्यांचा मुलांना सर्वाधिक फायदा दिसला. पहिल्या काही महिन्यांत तुटलेल्या नात्यांत उलट मुलांचं नुकसान झालं. म्हणून उरलेल्यांशी हळूहळू बोलणं बंद करू नका. एखादा सहकारी त्यांना घ्यायला तयार असेल तर पहिल्या भेटीला तुम्हीही बसा आणि मग त्याच्यावर सोपवा.

भेटीची वेळ ठरवताना नेटवर्कमधल्या नियोजित बदलांचं वेळापत्रक समोर ठेवा. मेंटेनन्स विंडो, म्हणजे दुरुस्ती-देखभालीसाठी राखलेली वेळ, बहुधा मध्यरात्रीनंतर असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची सकाळ टाळा. भेटीच्या तासापुरतं एस्कलेशन, म्हणजे गंभीर बिघाडात वरिष्ठांना येणारे फोन, उपप्रमुखाकडे द्या, आणि तसं ड्युटीच्या रोस्टरवर लिहा; तोंडी सांगितलं की फोन तुमच्याकडेच येतो. तरीही भेट हुकलीच, तर त्याच मेसेजमध्ये सात दिवसांतली नवी वेळ द्या.

भेटीत करिअरवर व्याख्यान नको. कंपनीची परवानगी घेऊन एखाद्या जुन्या आउटेजचा, म्हणजे सेवा बंद पडल्याच्या घटनेचा, अहवाल आणा. ग्राहकांची नावं, ठिकाणं, आयपी पत्ते काढून टाका. पहिला अलार्म कधी आला? पर्यायी मार्ग का चालला नाही? कागदावर वेगळे दिसणारे दोन मार्ग पुष्कळदा एकाच डक्टमधून, म्हणजे केबलच्या जमिनीखालच्या नळीतून, गेलेले असतात, हे मुलाला स्वतः शोधू द्या. ९९.९९९ टक्के उपलब्धता म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वापाच मिनिटं बंद, हा हिशेब त्यालाच मांडू द्या. नोकरीचं आश्वासन मात्र देऊ नका. भरतीत तुमचा शब्द चालत असेल तर मुळीच नाही.

आता त्या गप्प झालेल्या मुलाचं. त्याला एवढंच लिहा: ‘चारही वेळा भेट मी रद्द केली. चूक माझी होती. गुरुवारी सहा ते सात तुझ्यासाठी राखून ठेवले आहेत. नको वाटत असेल तर तसं कळव, मला राग येणार नाही.’ फायबरचा उल्लेख नको, भरपाई म्हणून इंटर्नशिपही नको. मेसेज एकदाच पाठवा आणि मुलगा आला नाही तरी त्या गुरुवारी सहाला तो तास मोकळा ठेवा.